ॲसिडची खोली

"बाई, आतल्या खोलीत लसणाचा वास येऊन राहिला जी," असं देवाजी मला म्हणाले होते आणि मी तराजूच्या काट्यावरची नजर न हलवता म्हटलं होतं, "तुमच्या डब्यात चटणी असेल." तारीख मला पाठ आहे. अठरा डिसेंबर त्र्याहत्तर, मंगळवार. पाठ असायचं कारण देवाजी नव्हेत, सात नंबरची लोखंडी पट्टी आहे. तिचं वजन त्या दिवशी तीनदा घ्यावं लागलं होतं, चौथ्या दशांशाला आकडा स्थिर होत नव्हता आणि मी वहीच्या समासात बारीक अक्षरात तशी नोंद केली होती. लसणाची नोंद केली नव्हती. देवाजी दारात उभे होते, हातात चिमटा, गळ्यात रबरी एप्रन. "डबा तर सायकलीलेच हाये बाई," ते म्हणाले आणि मी हसले म्हणून तेही हसले. मग आत गेले. आत जाताना त्यांनी दार लावून घेतलं, कारण दार लावून घ्यायचं असा नियम होता, आणि तो नियम मी केला होता.

हे सगळं मला आठवलं ते तेरा महिन्यांनी, भर दुपारी, प्रतापनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, अनु भुईवर रांगत असताना. पोस्टमनने खाकी पाकीट टाकलं. आत माझ्या जुन्या प्रयोगशाळेचा छापील अहवाल, निळसर कव्हरचा, "समुद्राच्या पाण्यात लोखंडाचे विरघळणे: मापन". शेवटच्या पानावर आभार मानलेले, त्यात माझं नाव. नवऱ्याच्या आडनावासकट, कुमारी नव्हे, सौभाग्यवती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी ते पान दोनदा वाचलं. अनुने तोवर कव्हरचा कोपरा तोंडात घातला होता. तो तिच्या तोंडातून काढता काढता माझी नजर सातव्या पानावर गेली. तिथे एक वाक्य होतं. इंग्रजी वाक्य, मी मराठीत सांगते: गंज काढण्यासाठी पट्ट्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेला टांगून, सोमल घातलेल्या तीव्र ॲसिडमध्ये बुडवण्यात आल्या. बस्स, एवढंच. अनुच्या लाळेने ते पान ओलं झालं होतं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. जस्त, सोमल, ॲसिड. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जस्त, ॲसिड आणि सोमल एकत्र आले की काय होतं यावर मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. विषबाधेचा खटला असला की मेलेल्या माणसाच्या पोटात सोमल होता की नाही हे असंच ठरवतात, जस्त आणि ॲसिड घालून. सोमलाचा वायू होऊन निघतो. त्या वायूला रंग नसतो. त्याचा वास कसा असतो, हेही मी त्या उत्तरात लिहिलं होतं. लसणासारखा. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

मग मी उठून खिडकी उघडली. आमच्या खिडकीतून तेव्हा नुसती शेतं दिसायची, तुरीचे फड आणि मध्ये नव्या घरांचे चार पाये. जानेवारीचं ऊन. मी उभी राहिले आणि मला आठवत गेलं, एकामागून एक नव्हे, सगळं एकदम, जसं कपाट उघडल्यावर वरच्या फळीवरचं सगळं अंगावर येतं. नागपुरात आम्ही समुद्र बनवत होतो! हे सांगितलं की लोक हसतात. कुठल्याशा बंदरात लोखंडी खांब रोवायचे होते, ते किती वर्षं टिकतील हे सरकारला हवं होतं, आणि ते काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं, कारण आमच्याकडे चांगला तराजू होता. शुद्ध पाण्यात मीठ आणि आणखी सात-आठ क्षार, मापून. हे काम आमचे रोजंदारीवरचे मदतनीस देवाजी करायचे. काचेच्या बारा टाक्या, त्यांत लाकडी दांड्याने पाणी ढवळत ते उभे असायचे, जसे लग्नघरी मोठ्या पातेल्यावर लोक उभे असतात. एकदा त्यांनी बोट बुडवून चाखलं. "असाच राहते का जी समुद्र?" मी म्हटलं, मी पाहिलाय कुठे? मी नव्हता पाहिला. प्रयोगशाळेचे प्रमुख देवपुजारी सर, त्यांनी पाहिला होता. देवाजी म्हणाले, "घ्या! तिघांपैकी एकानं पायला, त्याच्याच भरोशावर चालून राहिलं सगळं. मासे कवा आणता, बाई?" त्या टाक्यांत लोखंडाच्या पट्ट्या सोडायच्या, बोटभर रुंद, वीतभर लांब, प्रत्येकीवर ठोकलेला नंबर. तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस. मग काढायच्या, गंज धुवायचा, आणि राहिलेलं लोखंड मी तोलायचं. आधीचं वजन वजा आताचं वजन, म्हणजे समुद्राने खाल्लं तेवढं. शिवाय टाकीतल्या पाण्यात किती लोखंड उतरलं तेही मी वेगळं मोजायची, एक रसायन घालून, त्याने पाणी गुलाबी होतं, जितकं लोखंड तितकं गुलाबी. ही दोन मापं जुळत नसत. पट्टीतून गेलेलं लोखंड पाण्यात सापडत नसे. बहुतेक सगळं गाळ होऊन तळाशी बसलेलं असायचं, तपकिरी, मऊ, बोट लावलं की उठणारं. पण पाण्यातलं ते एवढंसं मापच नेमकं धरायचं तर बाहेरचा कण आत येता कामा नये, आणि नागपूरच्या धुळीत लोखंड असतं. मी कोरी बशी उघडी ठेवून पाहिलं होतं. एका दिवसात बशीत गुलाबी. तेव्हा मी सरांना सांगितलं, खिडक्या बंद करायला हव्यात. सर म्हणाले, वा, अशी शिस्त हवी. बाहेरच्या खोलीच्या दोन आणि आतल्या खोलीची एक, तिन्ही खिडक्यांच्या फटी मी देवाजींकडून कागदाच्या पट्ट्या आणि खळ लावून बुजवून घेतल्या. आतली खोली, ॲसिडची. तिला ती एकच खिडकी.

आणि सोमल. तेही मीच. पुस्तकात दुसरं एक भस्म सांगितलं होतं, ते ॲसिडमध्ये घातलं की ॲसिड गंज खातं पण लोखंडाला फारसं शिवत नाही. ते मागवलं होतं, पत्रं पाठवली होती, दोन महिने झाले तरी मुंबईहून आलं नव्हतं. तीस दिवसांच्या पट्ट्या निघायची तारीख जवळ आली होती. मी जुन्या आवृत्तीत पाहिलं, तिथे लिहिलं होतं की ते नसेल तर सोमल चालतो. सोमलाची बाटली आमच्या कपाटात होतीच, सी.पी. बेरारच्या काळातली, जाड काच, इंग्रजी लेबल. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "छान शोधलंत." मी पदर नाकावर धरून, फार काळजीने, सोमल तोलला. काळजी फक्त तोलताना. ॲसिडमध्ये गेल्यावर त्याचं जे व्हायचं ते आतल्या खोलीत व्हायचं होतं आणि आतल्या खोलीत देवाजी होते. पट्ट्या ॲसिडमध्ये टांगायचे काचेचे आकडे सारखे फुटायचे म्हणून देवाजींनी घराजवळच्या कुंपणाची तार आणली, तिचे एकसारखे बारा आकडे वळवले, सुरेख, आणि सरांनी त्यांची पाठ थोपटली. ती तार गंजत नाही, कारण तिला जस्त लावलेलं असतं. हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघांपैकी एकानेही ते तिन्ही शब्द एका ओळीत म्हटले नाहीत. ते एका ओळीत पहिल्यांदा आले ते छापखान्यात.

मला त्या खोलीत जायला मनाई होती. हे मला सर्वांत जास्त जाळतं. मला पाचवा महिना होता आणि सरांनी मला बाजूला बोलावून, वडीलधाऱ्या आवाजात सांगितलं होतं, "आतल्या खोलीत तुम्ही जात जाऊ नका. तुमच्या अशा अवस्थेत ती हवा बरी नाही." मला केवढं बरं वाटलं होतं! घरी येऊन मी नवऱ्याला, कृष्णकांतांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, सासूबाई म्हणाल्या, "देवमाणूस." ती हवा बरी नाही. बरी नाही हे ठाऊक होतं तर. पोटातल्या पाच महिन्यांच्या जिवाला बरी नाही आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला बरी आहे, असं हवेचं कुठलं शास्त्र आहे? देवाजी पट्ट्या घेऊन आत जायचे, मी बाहेर, दार बंद. अर्ध्या तासाने ते स्पिरिटने पुसलेल्या, कोरड्या, चंदेरी पट्ट्या चिमट्यात धरून आणायचे. पाण्याने धुतल्यावर पट्टी लगेच पुन्हा गंजते, म्हणून स्पिरिटमध्ये बुडवून काढायची. त्या स्पिरिटचा वास त्यांच्या सदऱ्याला कायम यायचा. ते स्वतःच त्यावर बोलायचे. "इतकी दारू हाताखालून जाते बाई, पण पोटात थेंब नाई. छप्पन सालापासून." छप्पन साली, दसऱ्याला, ते आणि इंदूबाई इंदोऱ्याहून पायी गेले होते दीक्षा घ्यायला, कडेवर मोठा मुलगा. बावीस प्रतिज्ञांतली दारूची कितवी ते त्यांना नंबरानिशी माहीत होतं. जेवायच्या आधी ते हात तीनदा धुवायचे, घरी पोरांना वास येऊ नये म्हणून सदरा बदलून जायचे.

मी पाहणारी बाई आहे. लहानपणापासून मला तसं म्हणतात, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. अनु झाल्यापासून तर मला झोपच नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या नखांचा रंग, तिच्या शीचा रंग, टाळू भरते आहे की नाही, डोळ्यांत पिवळं आहे का, दिवसातून दहादा तिला खिडकीशी नेऊन मी पापणी खाली ओढून पाहते आणि ती चिडते. आणि हीच मी, त्र्याहत्तरच्या डिसेंबरात आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, रोज समोर असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पिवळं उतरताना पाहत होते आणि मला दिसत नव्हतं. दिसत होतं. आता डोळे मिटले की दिसतं, म्हणजे तेव्हा दिसलंच असणार. ते टाकी ढवळताना मध्येच दांडा टेकून उभे राहू लागले होते. तीन पायऱ्या चढून आले की स्टुलावर बसायचे, आधी कधी माझ्यासमोर बसले नव्हते. चेहरा तांबूस काळा होता तो जुन्या पितळेसारखा झाला होता. मी विचारलं होतं, हो, विचारलं होतं एकदा, "बरं नाही का?" ते म्हणाले, "थंडी बाधली जी." आणि मी म्हटलं, साठ दिवसांच्या पट्ट्या उद्या काढायच्या आहेत, लवकर या. ते लवकर आले.

फेब्रुवारीअखेर मी नोकरी सोडली. एप्रिलात अनु झाली. देवाजींना जुलैत काढलं हे मला उडत उडत कळलं होतं, खूप खाडे झाले म्हणून, रोजंदारीवरच होते. तेव्हा अनु तीन महिन्यांची, तिला जुलाब होत होते. मी "अरेरे" म्हटलं होतं. त्यापलीकडे काही नाही.

कृष्णकांत संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना सातवं पान दाखवलं आणि सगळं सांगितलं. ते सरकारी कचेरीत आहेत, शांत माणूस. त्यांनी आधी शेवटचं पान पाहिलं. "नाव छापलं की तुझं!" मग सातवं पान वाचलं. मग म्हणाले, "वर्ष झालं त्याला. व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं."

"झालंच होतं तेव्हा. मी समोर बसले होते."

"कावीळ काय कोणालाही होते. मला झाली नव्हती मॅट्रिकला?"

"तुम्हाला झाली तेव्हा तुमच्या आईनं तुम्हाला तीन डॉक्टर दाखवले. आणि तुम्ही सोमल हुंगत नव्हता."

"ओरडू नको, मुलगी दचकते."

मी ओरडत नव्हते. मी इतक्या हळू बोलत होते की मलाच माझं बोलणं कानांत घासल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "बघ, मूल लहान आहे. तू कशाला यात पडतेस? सरांना एक पत्र टाक." पत्र टाक! यात पडतेस! जणू मी काठावर उभी आहे आणि उडी मारायची की नाही ते ठरवते आहे. मी त्यातच होते. तोललं मी होतं.

दुसऱ्या दिवशी अनुला सासूबाईंकडे ठेवून मी निघाले. सीताबर्डीला बस बदलावी लागते. व्हरायटी चौकात मी उभी, समोर स्वेटरवाले तिबेटी बसलेले, आणि मला त्या गर्दीतला प्रत्येक माणूस खिडकीशी नेऊन पापणी ओढून पाहावासा वाटत होता. असं मला हल्ली होतं. एक बाई कानाशी खोकली आणि मी तिला जवळजवळ विचारलंच, कुठं कामाला आहात? बस आली. प्रयोगशाळेच्या त्या तीन पायऱ्या. आतून ओळखीचा वास, मीठ, रबर, स्पिरिट. टाक्या रिकाम्या होत्या, तळाशी तपकिरी कडं राहिलेलं. खिडक्यांवरच्या माझ्या कागदाच्या पट्ट्या पिवळ्या पडून तशाच होत्या.

देवपुजारी सरांनी चहा मागवला. सर वाईट माणूस नव्हेत. हेच सांगायला मला जड जातं. ते खुर्चीतून उठले, मला बसायला सांगितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाळ कसं आहे? निरोगी आहे ना?"

"हो."

"मग झालं तर," सर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर सुटल्यासारखं काही पसरलं.

मग झालं तर. मी ते तीन शब्द ऐकले आणि मला कळलं की या माणसालाही कधीतरी, एकट्याने, सातव्या पानावरचं ते वाक्य दिसलेलं आहे. त्याने हिशोब केलेला आहे, आणि त्या हिशोबात एकच जीव धरला होता, माझ्या पोटातला. तो वाचला. बाकी शून्य.

मी म्हटलं, "सर, देवाजींना तुम्ही काढलंत काहून?" घरी मी 'का' म्हणते. तिथं 'काहून' आलं.

"अहो, पीत होता तो. डोळे पाहिले नाहीत तुम्ही? पिवळेजर्द. लिव्हर गेलं होतं. सकाळी दहाला अंगाला वास."

"स्पिरिटचा वास. आपल्याच स्पिरिटचा. पट्ट्या पुसायच्या."

"तुम्ही भाबड्या आहात."

"छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी थेंब घेतलेला नाही. त्यांची प्रतिज्ञा आहे."

"प्रतिज्ञा काय हो," सर म्हणाले, हसून, चहा माझ्याकडे सरकवत, "सगळेच घेतात."

त्या हसण्याचं मी काय करू? एका माणसाच्या रक्तात तुम्ही विष सोडता, त्याचे डोळे पिवळे होतात, आणि त्या पिवळेपणाचाच पुरावा करून तुम्ही त्याची एकुलती मिरवण्याजोगी गोष्ट त्याच्याकडून काढून घेता. काढून घेतलीत ती नोकरीच्या आधी. मी चहाला हात लावला नाही. मी फक्त एक मागितलं. छापील कागदावर चार ओळी: देवाजी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद खोलीत सोमल, ॲसिड आणि जस्ताच्या वायूत काम करत होते. सही, शिक्का. तो कागद हातात असला तर कुठलाही डॉक्टर काविळीचं औषध देत बसणार नाही, रक्त तपासेल, मूत्रपिंड पाहील. कागद नसला तर पिवळ्या डोळ्यांच्या गरीब माणसाला दवाखान्यात पहिला प्रश्न काय विचारतात ते सरांनी आत्ताच दाखवलं होतं.

 सरांनी खण उघडला, माझी जुनी वही काढली, टेबलावर ठेवली, उघडली नाही. "सोमल सुचवला कोणी? अक्षर कोणाचं आहे यात? खिडक्या कोणी बंद करवल्या? मी असा कागद दिला तर पहिलं नाव कोणाचं येईल, विचार केलात? तुम्ही आई आहात आता."

"माझंच येईल," मी म्हटलं. "म्हणूनच द्या."

त्यांनी वही खणात ठेवली आणि किल्ली फिरवली. "घरी जा," म्हणाले. "चहा तरी घ्या." मी उठले. दाराशी माझे पाय थांबले आणि मी आतल्या खोलीकडे वळले. दार उघडं होतं. भिंतीवर खिळ्याला बारा आकडे अजून लटकत होते, त्यांच्यावर आता जस्त नव्हतं, काळे, बारीक झालेले. मी कागदाच्या पट्टीत नखं घालून ती ओढली. एकदम नाही निघाली. खळ देवाजींनी चांगली लावली होती. मी नखाने, मग केसांतल्या आकड्याने, सगळ्या फटी उघड्या केल्या आणि खिडकी ढकलली. सर दारात उभे राहून पाहत होते. बाहेरची धूळ आत आली.

तिथून मी इंदोऱ्याला गेले. पत्ता मला ठाऊक नव्हता. दोन वर्षं एका छताखाली काम करून मला त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता! विचारत विचारत गेले. घराला कुलूप. शेजारची बाई, वच्छला, विहारासमोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने माझी साडी पाहिली, चप्पल पाहिली. "तुमी कोण वं? इस्पितळातल्या का?"

"मी त्यांच्याबरोबर कामाला होते."

"मंग आता आल्या का?" ती म्हणाली. सुपातून खडा उचलून फेकला. "मागच्या थंडीत त्यायले लघवीतून रगत पडून राहिलं होतं, काळं, चहासारखं. इंदूबाई रडे. हे कोणाले सांगू देत ना. नोकरी जाईन म्हणे. गेलीच ना मंग? दवाखान्यात डाक्टरनं तोंडावरच म्हटलं, दारू सोड. त्या दिवशीपासून ते दवाखान्याची पायरी नाई चढले. मले मारा म्हणे, पण हे नका म्हणू." ती थांबली. "पायाले सूज हाये आता. तोंड बी सुजते सकाळी. पोयाच्या सणाच्या दिवशी सावनेरले गेले, भावाकडं, रुपरावकडं. तो कोयला खदानीत हाये. इथं भाडं कोण भरन?"

मी विचारलं, सावनेरला कुठे? ती म्हणाली, "आता मी का सावनेर पायलं?" आणि मग, जरा नरमून, "पाणी घेता का, बाई?" मी पाणी प्यायले. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, मी तांब्या ओठाला लावते की वरून ओतते ते पाहण्यासाठी. ओठाला लावून प्यायले. यात काही मोठेपणा नाही, मला फार तहान लागली होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, अनु खेळत असताना मी कागद लिहिला. छापील मथळा नाही, शिक्का नाही, माझ्याच हाताने, खाली माझं नाव, एम.एस्सी. सोमल मी तोलला, खिडकी मी बंद करवली, हेही लिहिलं, सगळं, तारखांसकट, एक डॉक्टर समजून घेईल अशा भाषेत. पाकिटावर लिहिलं: देवाजी, रुपराव यांचे घरी, कोळसा खाण, सावनेर. तीन आठवड्यांनी ते परत आलं, पोस्टाच्या लाल पेन्सिलीत, पत्ता अपुरा. त्या भागात खाणी तीन-चार, वस्त्या अनेक, रुपराव किती असतील! मी जायचं ठरवलं. कृष्णकांत येतो म्हणाले, हे मला सांगायला हवं, ते येतो म्हणाले. रविवार ठरला. शुक्रवारी अनुच्या अंगावर गोवर उठला. आता ती मांडीवर आहे, अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, मी उठले की रडते, आणि डॉक्टर म्हणतात निदान पंधरा दिवस हलायचं नाही. पंधरा दिवस म्हणजे किती, हे पायाला सूज असलेल्या माणसाच्या बाबतीत मला मोजता येत नाही. मूत्रपिंड गेलं की सूज वर चढते. तेवढं मी वाचलं आहे.

म्हणून हे लिहिलं. कथा म्हणून छापतील तर छापोत, मला ती सावनेरपर्यंत पोचायला हवी. तुम्ही सावनेरचे असाल, खापा-केळवदकडे तुमचं जाणं-येणं असेल, खाणीत कोणी ओळखीचं असेल, तर रुपरावांकडे आलेल्या देवाजींचं घर विचारा. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकून चालणारे, बायको इंदूबाई. कागदाची नक्कल मी संपादकांकडे ठेवली आहे, ती मागून घ्या आणि बरोबर न्या. घरात गेलात की त्यांच्या नडगीवर बोट दाबा आणि उचला, खड्डा राहतो का पाहा. सरकारी मोठ्या इस्पितळात न्या, आणि डॉक्टरने दारूचं नाव काढायच्या आत कागद त्याच्या हातात द्या, ते ऐकायची वेळ देवाजींवर पुन्हा येऊ देऊ नका. ते तुम्हाला म्हणतील, मी बरा हाये जी, कायले तरास घेता. तेवढ्यावर परत फिरू नका. इंदूबाईंना बाजूला घ्या आणि त्यांना विचारा, दिवसातून लघवी किती वेळा होते, रंग कसा असतो. लाजतील त्या, तुम्हीही लाजाल. तरी विचारा.